सहावी पिशवी

चौथं नाव ऐकलं आणि मिओकच्या हातातलं पेन कागदातच रुतलं. इस्पितळाच्या सातव्या मजल्यावर, गरम पाण्याच्या मशीनशेजारी भिंतीला टेकून ती फोनवर नावं लिहून घेत होती. पलीकडून पे आजोबा बोलत होते. निगेटिव्ह रक्तवाल्यांच्या मंडळाचे ते चिटणीस. हजारात तिघांचं असलं रक्त, त्यात पुन्हा बी गट म्हणजे अख्ख्या पुसानातली माणसं त्यांच्या वहीच्या एका पानावर मावायची. "पहिला गडी उत्तर सीमेकडे भटकून आला, तिकडे मलेरिया, वर्षभर बाद," आजोबा सांगत होते. "दुसरीने भुवया गोंदवून घेतल्यात, तीही बाद. आता या वयात भुवया कशाला हव्यात गं बायकांना? तिसरी पंचेचाळीस किलोची पण नाही, फुंकर मारली तर उडेल. चौथी मात्र धडधाकट आहे. पिल्सून. माशाच्या वड्यांच्या कारखान्यात असते ती. नंबर देऊ?" मिओक म्हणाली, "नको. आहे माझ्याकडे." आणि होताच. सात वर्षांपूर्वी 'जीवदान ताई' म्हणून साठवलेला नंबर तिने अजून बदलला नव्हता. बदलून लिहायचं तरी काय? कोरियात सवतीला सवत म्हणून फोनमध्ये कुणी घालत नाही, आणि मिओकला दुसरं नाव सुचत नव्हतं.

आत खाटेवर सेबोम झोपली होती. सात वर्षांची, एकोणीस किलोची, डोक्याच्या एका बाजूचे केस काढलेली, तिथून एक बारीक नळी निघून बाटलीत पाणी उतरत होतं. शाळेत दोरीवरच्या उड्या मारताना ती पडली होती, आणि इथे आणल्यावर डॉक्टर नोह यांनी पडद्यावर तिच्या मेंदूचं चित्र दाखवलं. पांढरं, त्यात फुलकोबीच्या गड्ड्यासारखं काहीतरी, आणि त्याच्या पोटात सांडलेलं रक्त. "मेंदूतलं पाणी जिथे तयार होतं तिथली ही गाठ. रक्तवाहिन्यांचा नुसता गुंता. वीस वर्षांत मी अशा चार पाहिल्या," डॉक्टर म्हणाले, "जात वाईट दिसत नाही. सबंध निघाली तर पोर बरी. पण निघेपर्यंत हात लावीन तिथे ती वाहणार. आधी तिला रक्त पुरवणारी वाहिनी आतून बंद करू, तरी भरवसा नाही. पोरीच्या अंगात रक्त किती? दीड लिटर पण नाही. सहा पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी कवटी उघडणार नाही." दीड लिटर म्हटल्यावर मिओकला ओट्याखालची सोयासॉसची बाटली आठवली. तेवढंच. आपल्या लेकीचं सगळं असणं-नसणं एका बाटलीत मावतं, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. येणारा सोडून त्याच्या पुढच्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं. दोन पिशव्या इस्पितळात होत्या, दोन सोलहून निघाल्या होत्या, मासानचा एक विद्यार्थी पाचवी देऊन गेला होता. राहिली सहावी.

आणि स्वतः मिओकचं रक्त बी निगेटिव्ह होतं! अगदी लेकीचंच. पहिल्याच दिवशी तिने बाही वर सारून हात पुढे केला होता. रक्तपेढीतली परिचारिका मवाळपणे म्हणाली, "तुमचं नको, सेबोमची आई. इतक्या जवळच्या नात्यातलं रक्त शरीर कधीकधी परकं म्हणून ओळखतच नाही, आणि मग ते आतून घात करतं. प्रक्रिया करून वापरता येतं, पण ती अगदी शेवटची वाट. परक्याचंच बरं." परक्याचंच बरं. मिओकने बाही खाली ओढली, मनगटाशी बटण लावलं, ते लागेना. तिला आयुष्यात एकाच गोष्टीचा खराखुरा गर्व होता. सेबोम जन्मली तेव्हा नाक बापाचं, कपाळ बापाचं, चालायला लागल्यावर चालणंसुद्धा बापाचं फेंगडं, पण रक्त मात्र आईचं. घटस्फोटाच्या कागदावर सही करताना ती मनाशी हेच म्हणत होती, की जा बाबा, नाक घेऊन जा, रक्त माझं आहे. आता तेच रक्त चालत नव्हतं. चालणार होतं ते पिल्सूनचं.

पिल्सूनचं रक्त मिओकच्या अंगात आधीच फिरून गेलं होतं, खरं दुखणं तिथलं. सेबोमच्या वेळी बाळंतपणात मिओकला रक्तस्राव सुरू झाला, थांबेना, आणि तिचा नवरा थेशिक पे आजोबांकडून नंबर घेऊन वेड्यासारखा फोन करत सुटला. भर दुपारी कारखान्यातून, पायातले रबरी गमबूटही न काढता, पिल्सून धावत आली. मिओकने तिला पहिल्यांदा पाहिलं ते शुद्धीवर आल्यावर: रुंद हाडाची, लाल गालांची, तळणीच्या तेलाचा वास येणारी एक बाई पायथ्याशी उभी राहून मोठमोठ्याने हसत होती. "बघ, कशी टवटवीत झाली! माझं रक्त म्हणजे बैलाचं रक्त!" मिओक रडली होती, तिला ताई म्हणाली होती. दर शरदाच्या सणाला थेशिक तिच्याकडे नाशपातीची पेटी घेऊन जायचा. उपकार विसरू नयेत, हे मिओकच त्याला बजावायची. पेटीवरचं रेशमी फडकंही तीच बांधायची, चारही टोकं नीट फुलासारखी काढून. पाचव्या वर्षी तो पेटी घेऊन गेला आणि मनाने परत आलाच नाही. आपल्याच हाताने गाठ मारून नवरा पोचता केला, असं मिओक पुढे स्वतःला टोचून टोचून सांगायची. दुसरी एखादी कोवळी, देखणी असती तर जळफळाट तरी सरळ झाला असता. ही मिओकपेक्षा चार वर्षांनी मोठी, मान आखूड, हाताला पोळल्याचे डाग. हिच्यात काय पाहिलं मेल्याने? घटस्फोटानंतर एकदा कांदा चिरताना बोट कापलं, तर थेंबाकडे बघत ती कितीतरी वेळ उभी राहिली होती. रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिन्यांत मरतात, नव्या येतात, असं तिने कुठेसं वाचलं होतं. म्हणजे त्या बाईचं काही उरलेलं नाही. डोक्याला पटलं, पण पोटात मात्र तसंच जळत राहिलं.

त्यातून सेबोम. कोर्टाने एकाआड एक शनिवार बापाला दिला होता, पण थेशिक मालवाहू जहाजावर, सहा-सहा महिने समुद्रात. तो नसताना पोरीने तिथे जायचं काय कारण? मिओकने दोनदा थांबवून पाहिलं. पोर फुगून बसली, जेवेना, "मला मावशीकडे जायचंय" हे एकच पालुपद. मावशी! म्हणजे नातंसुद्धा आईच्याच बाजूचं. शुक्रवारी रात्रीच ती तिकडे झोपायला जायची. शनिवारी रात्री परत आली की तिच्या केसांना तळणीचा वास यायचा, आणि मिओक जरा जास्तच रगडून तिचं डोकं धुवायची. त्याच डोक्यात हे वाढत होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सेबोम कपाळ दुखतं म्हणायला लागली, बघताना मान वाकडी करायला लागली. मिओक चष्म्याच्या दुकानात बारा वर्षं काचा घासणारी बाई. शहरातली अर्धी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. तिने स्वतः नंबर काढला, स्वतः काच घासली, गुलाबी फ्रेम निवडली, काडी कानामागे रुतू नये म्हणून गरम वाळूत धरून वाकवली. असा सुबक चष्मा तिने आजवर कुणाला केला नव्हता. आणि दुसऱ्याच आठवड्यात फोनवर 'जीवदान ताई'चा निरोप आला: "सेबोमची आई, मागच्या दोन्ही शनिवारी हिला उठल्याउठल्या उलटी झाली. मला हे डोळ्यांचं वाटत नाही. मोठ्या इस्पितळात दाखवून घ्याल का?" मिओकने उभ्या उभ्या उत्तर पाठवलं होतं: "डोळ्यांतलं मला कळतं. तुम्ही वड्या तळा." त्यानंतर चाळीस दिवसांनी पोर शाळेत पडली. तो निरोप आणि ते उत्तर, दोन्ही फोनमध्ये एकाखाली एक होती, आणि आता पिल्सूनला फोन करायचा तर बोट त्यांच्यावरूनच जाणार होतं.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पण इथे गाढव कोण, हाच प्रश्न होता. फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला. मिओकने वाक्यं जुळवून ठेवली होती, नमस्कार, तसदीबद्दल क्षमा, पण पलीकडून थेट आवाज आला, "कुठल्या केंद्रात जाऊ? पेशंटचं नाव, नोंदणी नंबर सांग. लिहून घेते. हं. बोल." पिल्सूनला सगळं कळलेलं होतं, जहाजावरून थेशिकने सांगितलं असणार. चार दिवस ती वाट बघत होती, आणि आपण होऊन फोन केला नव्हता. का? मिओक बोलावील तेव्हाच यायचं म्हणून? एवढा समजूतदारपणा बघून मिओकला आणखीच राग आला. चांगुलपणा करून माणसाला छळण्यात काही माणसांचा हात धरता येत नाही.

शनिवारी रक्तदान केंद्रात मिओक तिच्यासोबत गेली. जायची गरज नव्हती. सेबोमजवळ शेजारच्या खाटेवरच्या पोराची आजी बसली होती. पण ती गेली. आपल्या डोळ्यांदेखत होऊ दे, असं काहीतरी. परिचारिकेने बोटाला टोचलं, यंत्रात पट्टी घातली, आणि मान हलवली. हिमोग्लोबिन बारा पूर्णांक दोन. साडेबारा हवं. "कमी आहे. याआधी कधी दिलं होतं?" पिल्सून ओशाळून म्हणाली, "दोन महिने झाले. एक बाळंतीण होती उल्सानला, तिला गरज पडली." आणि काय सांगावं माणसाच्या मनाचं! पोर तिकडे मरणाच्या दारात, आणि मिओकच्या छातीत पहिली कळ उठली ती याची, की दुसरी बाळंतीण? म्हणजे आपण एकट्या नव्हतो? ही बाई गमबूट घालून सगळ्यांसाठीच धावते? मग भानावर येऊन ती घाबरली. परिचारिका म्हणाली, "शुक्रवारी पुन्हा या. नीट जेवा, झोपा. थोडक्यासाठी अडलंय." रक्ताच्या तपासण्यांना लागणारा वेळ धरला तर मंगळवारच्या आधीचा तोच शेवटचा दिवस होता. बाहेर रस्त्यावर येऊन मिओक म्हणाली, "रोज बारा वाजता इस्पितळासमोर यायचं. सूप प्यायला." आज्ञाच होती ती. पिल्सून म्हणाली, "बरं."

बैलाच्या साकळलेल्या रक्ताचं सूप मिळणारी ती खानावळ दारुड्यांची. रात्रीची उतरवायला माणसं सकाळी तिथे यायची. दुपारी बारा वाजता दोन बायका समोरासमोर बसून काळपट तांबड्या फोडी खाताना बघून मालकीण पहिल्याच दिवशी म्हणाली, "सख्ख्या बहिणी का गं?" मिओक म्हणाली, "नाही." पिल्सून म्हणाली, "तसंच समजा." मिओकला स्वतःला घास उतरत नव्हता, ती फक्त समोरचं वाडगं मोजत होती. पिल्सून एक फोड उचलायची, फुंकायची, खायची. कपाळावर घाम यायचा. आणि मिओक मनात म्हणायची, खा. गीळ. अजून एक. तळाशी आहे ती पण. नवरा खाल्लास, शनिवार खाल्लेस, आता निदान कामाचं काहीतरी खा. इतक्या तिरस्काराने आणि इतक्या काळजीने तिने कधी कुणाला जेवू घातलं नव्हतं. सेबोमलाही नाही. तिसऱ्या दिवशी पिल्सूनचं वाडगं अर्धं राहिलं तर ती खेकसली, "संपवा ते!" पिल्सून मुकाट्याने संपवायला लागली, आणि मधेच मुळ्याच्या किमचीची, तिखट लोणच्याची, एक फोड चॉपस्टिकने उचलून मिओकच्या चमच्यातल्या भातावर ठेवली. सहज, घरातल्या माणसाच्या ठेवतात तशी. "तू पण खा. हाडं दिसतात तुझी." मिओक त्या फोडीकडे बघत राहिली. थेशिकने कधी तिच्या भातावर काही ठेवलं होतं? आठ वर्षांत? आठवेना. या बाईच्या भातावर तो नक्की ठेवत असणार. किंवा ही त्याच्या. एका फोडीवरून तिला ते सगळं घर दिसलं, बुटकं टेबल, त्याच्याभोवती तिघं, सेबोम मधे मांडी घालून, आणि कोणीतरी कोणाच्या तरी भातावर सारखं काहीतरी ठेवतंय. इतकं साधं होतं ते. तिच्या घरी टेबल उंच होतं, माणसं वेगवेगळ्या वेळी जेवायची.

ती वाट बघत होती. आज म्हणेल, उद्या म्हणेल: मी सांगितलं होतं ना? पिल्सून काही म्हणेना. चष्म्याचं नाही, उलटीचं नाही. सेबोमला हिवाळ्यात कुठले मोजे आवडतात हे सांगायची, कारखान्यात नवीन आलेल्या मुलीने पिठात मिठाऐवजी साखर ओतली ते सांगून हसायची. गुरुवारी मिओकचाच धीर सुटला. चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "बोलून टाका एकदाचं."

"काय?"

"तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चाळीस दिवस."

पिल्सूनने चमच्याने सूप ढवळलं. मग म्हणाली, "मला तरी कुठे ठाऊक होतं? मी काय डॉक्टर? मला वाटलं पोटात जंत असतील."

"खोटं बोलू नका. डोळ्यांचं वाटत नाही असं लिहिलं होतं तुम्ही. माझ्याकडे आहे अजून."

"मग पुसून टाक की," पिल्सून म्हणाली. तिचे लाल गाल आणखी लाल झाले. "तू तरी लिहून टाकलंस गं, वड्या तळा म्हणून. मी काय केलं? गप वड्या तळल्या. त्याच वेळी उठून पोरीला उचलून नेलं असतं इस्पितळात, तर तू काय करणार होतीस? फार तर झिंज्या उपटल्या असत्यास. पण मला वाटलं, मी कोण? मला कुठे हक्क?" बोलता बोलता तिने शेवटची फोड तोंडात घातली, आणि ती चावताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मालकीण लांबून म्हणाली, "तिखट फार झालं का?"  मिओकने किमचीची बशी तिच्याकडे सरकवली, एवढंच. तिला या बाईचं रडणंसुद्धा सहन होत नव्हतं. रडायचा हक्क माझा, आणि रडते ही! 

शुक्रवारी यंत्रावर आकडा आला: बारा पूर्णांक सहा. परिचारिकेने टाळी वाजवली. पिल्सूनच्या जाड दंडाला पट्टा आवळला, शीर सापडली, नळीतून रक्त उतरायला लागलं, आणि मिओक बाजूच्या खुर्चीवर बसून पिशवी फुगताना बघत राहिली. गडद, संथ, यंत्राच्या झुलत्या पाळण्यावर ठेवलेली पिशवी. चिठ्ठीवर सेबोमचं नाव आणि पिल्सूनचं नाव एकाखाली एक छापलेलं. तिच्या मनात आलं, आता हे तिच्या डोक्यात जाणार. मी धुवून धुवून वास काढायची त्याच डोक्यात. आणि मग लगेच, जाऊ दे, जाऊ दे, एक थेंब सांडू देऊ नकोस. दोन्ही विचार एकाच श्वासात.

मंगळवारी सकाळी आठला सेबोमला आत नेलं. दाराशी तिने विचारलं, "चष्मा घालून जाऊ? नाहीतर आत काही दिसणार नाही." मिओकने चष्मा काढून घेतला, म्हणाली, "आत झोपायचंच आहे बाळा." मग बाकावर त्या दोघी, मधे एक जागा रिकामी. पडद्यावर नावांपुढे 'शस्त्रक्रिया सुरू' हे शब्द लुकलुकत होते. मिओक हातातल्या गुलाबी चष्म्याची काडी उघडत मिटत होती. दहा वाजले. बारा वाजले. पिल्सूनने डब्यातून भाताच्या गुंडाळ्या काढल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. एकदा आतून एक परिचारिका पळत बाहेर आली आणि पळत परत गेली. तेव्हा पिल्सूनने मधल्या रिकाम्या जागेवर हात टेकला, आणि मिओकने पाहिलं की आपलाही हात तिथेच टेकलेला आहे, चार बोटांच्या अंतरावर. तिने तो काढला नाही. जवळही नेला नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर नोह आले, टोपीचा वळ कपाळावर तसाच. "सबंध निघाली," ते म्हणाले. "वाहिनी आधी बंद केली त्याचा फायदा झाला. भीती होती तेवढी वाहिली नाही. तीन पिशव्यांत भागलं." पिल्सून जमिनीवरच बसली. मिओकने कमरेत वाकून नमस्कार केला, पुन्हा केला.

अतिदक्षता विभागात पाच मिनिटं एकालाच सोडत होते, आईला. सेबोमचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत, ओठ कोरडे, पण हाक मारल्यावर तिने मिओकचं बोट धरलं, घट्ट. बाहेर पडताना रक्तपेढीची परिचारिका एक कागद घेऊन उभी होती. "जुन्या पिशव्या आधी वापरतो आम्ही, त्यामुळे शेवटच्या तीन तशाच राहिल्या, तुमच्या नावाने राखून ठेवलेली ती सहावीही. दुसऱ्या पेशंटला द्यायला हरकत नसेल तर इथे सही." मिओकने कागद वाचला. सहावी पिशवी. गेलीच नाही! लेकीच्या अंगात त्या बाईचा एक थेंब गेला नाही. आणि तिला इतका आनंद झाला, इतका ओंगळ, उघडावाघडा आनंद, की तिने भिंतीचा आधार घेतला. पोर वाचल्याचा आनंद मोठा होता, पण तो अजून अंगात उतरायचा होता. हा मात्र लगेच उतरला. जिंकले. रक्त माझंच राहिलं. तिने झोकात सही केली. कुणा अनोळखी माणसाला जाऊ दे ते बैलाचं रक्त.

दाराबाहेर पिल्सून उभी होती, डबा पोटाशी धरून. "शुद्धीवर आली?" "आली. बोट धरलं माझं." पिल्सूनने मान हलवली, पुन्हा हलवली, नाक ओढलं. मग तिने डावी बाही जरा वर सारली. कोपराच्या खळीत हिरवं-जांभळं पडलं होतं, शुक्रवारचं. त्यावर अंगठा फिरवत, मिओककडे न बघता, एखाद्या पोरीने भीत भीत खाऊ मागावा तसं तिने विचारलं, "आणि माझं... गेलं का गं तिला?"

मिओकच्या ओठावर उत्तर तयार होतं. नाही. गरजच पडली नाही. दोन शब्दांचं काम, आणि तेही खरे शब्द. ते म्हटल्यावर हे लाल गाल कसे पडतील तेही तिला दिसलं. तीन वर्षं ती असा एक क्षण शोधत होती. हातातल्या चष्म्याची काडी तिने मिटली. चाळीस दिवस, तिच्या मनात आलं. वड्या तळा.

"गेलं," ती म्हणाली. "पहिली पिशवी तुमचीच लावली."

 पिल्सूनने बाही खाली घेतली, अगदी सावकाश, आत काहीतरी झाकून ठेवल्यासारखी, आणि तिच्या आखूड मानेवरचा तो रुंद चेहरा असा उजळला, असा भरला, की मिओकला तिकडे बघवेना. हे आता हिच्याकडे जन्मभर राहणार. एकाआड एक शनिवारी ही सेबोमच्या केसांवरून हात फिरवील आणि मनात म्हणेल, माझं आहे हिच्यात. पोर मोठी होईल, लग्न करील, हिला वाटतच राहील. आणि ते मी दिलं, माझ्या हाताने, नाशपातीच्या पेटीसारखं बांधून. परत मागता येणार नव्हतं. जळत, डोळे पुसत, ती त्या बाईच्या शेजारून लिफ्टकडे चालू लागली, आणि पिल्सून मागून म्हणाली, "सेबोमची आई, थांब, भात तरी खाऊन घे."